प्रकाश झेलल्यानंतर डोळ्यातल्या पेशी पूर्ववत कशा होतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, शंकुपेशी दिवसाउजेडी रंग आणि बारकावे दाखवतात. या पेशी प्रकाशाला प्रतिसाद कसा देतात हे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते, पण प्रतिसाद दिल्यावर त्या पुन्हा तयार कशा होतात याबद्दल सतत प्रश्न येत राहतात. त्यांपैकी नेहमीचे प्रश्न सोप्यापासून अवघडाकडे या क्रमाने लावले आहेत.

१. पेशी ‘पूर्ववत होते’ म्हणजे नेमके काय होते?

दोन वेगळी कामे होतात आणि त्यांचा वेग अगदी वेगळा असतो. पहिले काम म्हणजे प्रकाशामुळे पेशीत सुरू झालेली रासायनिक साखळी थांबवणे आणि पेशीचा विद्युतदाब मूळ पातळीवर आणणे. हे सेकंदाच्या काही भागात उरकते. दुसरे काम म्हणजे प्रकाशाने ‘वापरले गेलेले’ रंगद्रव्य पुन्हा वापरण्याजोगे करणे. त्याला मिनिटे लागतात, दंडपेशींच्या बाबतीत तर अर्धा तासही लागतो.

या विषयातला बहुतेक गोंधळ ही दोन कामे एकच समजल्यामुळे होतो. सिनेमातली हलती चित्रे सलग दिसतात पण धूसर होत नाहीत, ते पहिल्या कामामुळे. उन्हातून अंधाऱ्या खोलीत आल्यावर बराच वेळ चाचपडावे लागते, ते दुसऱ्या कामामुळे. पहिल्या कामाबद्दल प्रश्न ४ ते ६ पाहा, दुसऱ्याबद्दल ७ ते १०.

२. अंधारात या पेशी विश्रांती घेत असतील ना?

नाही, अंधारातच त्यांची सर्वात जास्त ऊर्जा खर्च होते. अंधारात पेशीच्या बाह्यखंडावरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या टोकावरच्या, काही वाहिन्या उघड्या असतात आणि त्यांतून सोडियम व कॅल्शियम आत येत राहतात. त्यामुळे पेशीचा विद्युतदाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि तिच्या दुसऱ्या टोकाकडून ग्लुटामेट हे पुढच्या पेशींना संदेश देणारे रसायन सतत झिरपत असते. आत आलेले सोडियम बाहेर काढणाऱ्या पंपांना अखंड ऊर्जा लागते.

प्रकाश पडला की वाहिन्या बंद होतात, दाब उणे ७० मिलिव्होल्टच्या दिशेने खाली जातो आणि ग्लुटामेट कमी होते. शरीरातल्या बहुतेक संवेदी पेशी उद्दीपन मिळाल्यावर अधिक सक्रिय होतात. इथे उद्दीपनाने पेशी शांत होते. म्हणून ‘पूर्ववत होणे’ याचा अर्थ बंद झालेल्या वाहिन्या पुन्हा उघडणे असा होतो. हे ध्यानात ठेवले तर पुढची सगळी उत्तरे सोपी जातात.

३. प्रकाशकण आदळल्यावर साखळी कशी चालते, थोडक्यात सांगाल का?

दंडपेशीत ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य असते. ऑप्सिन हे प्रथिन आणि त्यात बसलेला ११-सिस रेटिनल हा ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला रेणू मिळून ते तयार होते. प्रकाशकण शोषला की या वाकड्या रेणूचा सरळ ऑल-ट्रान्स रेटिनल होतो. त्याला सुमारे २०० फेमटोसेकंद पुरतात. ऑप्सिनचा आकार बदलतो आणि ते ट्रान्सड्युसिन नावाच्या प्रथिनाचे रेणू एकामागून एक सक्रिय करू लागते. सक्रिय ट्रान्सड्युसिन फॉस्फोडायएस्टरेज या विकराला जागे करते, ते विकर सीजीएमपी या छोट्या संदेशवाहक रसायनाचे रेणू तोडते, आणि सीजीएमपीनेच वाहिन्या उघड्या ठेवलेल्या असल्यामुळे त्या मिटतात. प्रत्येक पायरीवर संकेत वाढत जातो, म्हणून दंडपेशी एकाच प्रकाशकणालाही मोजता येईल इतका प्रतिसाद देते.

४. मग ही साखळी थांबते कशी? आपोआप विझते का?

आपोआप विझत नाही. सुरू झालेली प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे बंद करावी लागते, आणि प्रत्येकीसाठी वेगळी प्रथिने नेमलेली आहेत.

सुरुवात ऱ्होडॉप्सिनपासून. ऱ्होडॉप्सिन कायनेज हे विकर सक्रिय ऱ्होडॉप्सिनच्या शेपटीला फॉस्फेटचे गट जोडते. पहिला फॉस्फेट लागला की त्याची ट्रान्सड्युसिन जागे करण्याची क्षमता घटू लागते. तीनेक लागले की अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन त्यावर घट्ट बसते आणि ट्रान्सड्युसिनची वाट अडवते. उंदराच्या दंडपेशीत हे सारे सुमारे ४० मिलिसेकंदांत घडते. रेटिनल मात्र अजून सरळच आहे. म्हणजे ऱ्होडॉप्सिन गप्प झाले, पण नवा प्रकाशकण टिपण्याच्या स्थितीत आलेले नाही. ते पुढचे काम प्रश्न ७ मध्ये आहे.

ऱ्होडॉप्सिन गप्प झाले तरी आधी जागे झालेले ट्रान्सड्युसिन काम करतच राहते. त्याला चिकटलेल्या जीटीपी या ऊर्जायुक्त रेणूचे विघटन होईपर्यंत ते थांबत नाही, आणि एकट्याने ते विघटन फार संथ असते. त्याला वेग देण्यासाठी आरजीएस९, जीबीटा५ आणि आर९एपी या तीन प्रथिनांचे संकुल असते. जीटीपीचा जीडीपी झाला की ट्रान्सड्युसिन सुटते आणि फॉस्फोडायएस्टरेज पुन्हा निष्क्रिय होते.

एवढे झाले तरी वाहिन्या मिटलेल्याच राहतात, कारण सीजीएमपी तुटून संपलेले असते. ते नव्याने बनवण्याचे काम ग्वानिलेट सायक्लेज करते. पातळी भरून आली की वाहिन्या उघडतात आणि पेशी अंधारातल्या स्थितीला येते. एका प्रकाशकणाचा प्रतिसाद सस्तन प्राण्यांच्या दंडपेशीत साधारण अर्ध्या सेकंदात ओसरतो.

५. या सगळ्यात कॅल्शियमचा काय संबंध?

कॅल्शियम ही पेशीची आतली खबर देण्याची यंत्रणा आहे. अंधारात ते उघड्या वाहिन्यांतून आत येते आणि एक विनिमयक प्रथिन ते बाहेर टाकत राहते: चार सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम आणि एक पोटॅशियम बाहेर. विहिरीचा झरा बुजला आणि मोट चालूच राहिली तर पाणी उतरते, तसेच प्रकाशाने वाहिन्या मिटल्या की कॅल्शियमची पातळी झपाट्याने घसरते. अंधारात ती साधारण पाव मायक्रोमोलर असते, लख्ख उजेडात तिच्या दहाव्या भागाच्या आसपास येते.

ही घसरण तीन ठिकाणी पोहोचते. कॅल्शियम भरपूर असताना ग्वानिलेट सायक्लेजला आवरून धरणारी जीकॅप प्रथिने कॅल्शियम सुटताच त्याला उलट वेग देतात आणि सीजीएमपी भराभर बनू लागते. रिकव्हरिन हे प्रथिन ऱ्होडॉप्सिन कायनेजला अडवून धरते. कॅल्शियम उतरले की ते बाजूला होते. आणि वाहिन्या स्वतः कमी सीजीएमपीतही उघडू लागतात, हा परिणाम शंकुपेशींत अधिक ठळक असतो.

यांतला पहिला मार्ग सर्वात जोरकस आहे. जीकॅप नसलेल्या उंदरांच्या दंडपेशींत एका प्रकाशकणाचा प्रतिसाद कित्येक पट मोठा होतो आणि उशिरा ओसरतो. ढगाआडून ऊन आले तरी आपल्याला वाचता येत राहते, त्यामागे बऱ्याच अंशी हीच यंत्रणा असते, कारण ती पेशीला प्रकाश चालू असतानाच नव्या पातळीवर काम करायला लावते.

६. सर्वात संथ पायरी कोणती? एखादे विकर वाढवले तर डोळा लवकर सावरेल का?

विद्युत प्रतिसादापुरते बोलायचे तर ट्रान्सड्युसिन बंद होणे ही सर्वात संथ पायरी आहे. उंदराच्या दंडपेशीत तिचा कालांक, म्हणजे ती किती वेगाने ओसरते हे दाखवणारा काळ, सुमारे २०० मिलिसेकंद असतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या दंडपेशींत आर९एपी जास्त प्रमाणात बनवले, त्याबरोबर आरजीएस९ संकुलही वाढले, आणि हा काळ ८० मिलिसेकंदांच्या आसपास आला. ऱ्होडॉप्सिन कायनेज वाढवून असा फरक पडला नाही. कोणती पायरी सगळ्यांना अडवून धरते याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

पण त्यामुळे अंधारात लवकर दिसू लागेल असे नाही. अंधाराशी जुळवून घेण्याचा वेग रंगद्रव्याच्या पुनर्निर्मितीवर ठरतो, आणि ती वेगळी रांग आहे.

७. वापरले गेलेले रंगद्रव्य पुन्हा कसे तयार होते?

सरळ झालेला रेटिनल ऑप्सिनमधून सुटतो. तो मोकळा फिरणे पेशीला घातक असते, म्हणून बाह्यखंडात आरडीएच८ आणि पेशीच्या आतल्या भागात आरडीएच१२ ही विकरे त्याचे रेटिनॉल करतात. बाह्यखंडात एकावर एक रचलेल्या, रंगद्रव्य असलेल्या चकत्यांच्या आतल्या बाजूला अडकलेला रेटिनल बाहेरच्या बाजूला आणण्याचे काम एबीसीए४ हे वाहक प्रथिन करते.

पुढचे काम दंडपेशीत होत नाही. रेटिनॉल शेजारच्या रंजक थरात, म्हणजे दृष्टिपटलाला मागून चिकटलेल्या गडद पेशींच्या थरात, जाते. तिथे एलआरएटी हे विकर त्याचे मेदाम्लाशी एस्टर बनवते. आरपीई६५ त्या एस्टरपासून पुन्हा वाकडा ११-सिस रेटिनॉल करते. आरडीएच५ त्याचे ११-सिस रेटिनल करते. मग तो रेणू परत पेशीकडे येतो आणि रिकाम्या ऑप्सिनमध्ये बसतो.

रंजक थर लागतो हे फार जुने निरीक्षण आहे. १८७६ साली फ्रान्झ बोल यांनी बेडकाच्या दृष्टिपटलाचा लाल रंग उजेडात उडतो हे नोंदवले. पाठोपाठ विल्हेल्म क्यूने यांनी दाखवले की रंजक थरापासून सोडवलेल्या दृष्टिपटलाचा रंग परत येत नाही, पण ते पुन्हा थरावर ठेवले तर येतो. या चक्रातले रसायनशास्त्र उलगडणारे जॉर्ज वाल्ड १९६७ च्या वैद्यकातील नोबेल पुरस्काराचे एक मानकरी होते. मधल्या पायरीचे विकर, आरपीई६५, मात्र २००५ मध्ये पक्के झाले.

दृष्टिपटल सुटण्याच्या आजारात त्या भागातली दृष्टी का जाते, याच्या कारणांत या थराशी तुटलेला संपर्कही येतो. ऑक्सिजनचा आणि पोषणाचा पुरवठा तुटतो, तसा रंगद्रव्याचाही तुटतो.

८. शंकुपेशी दंडपेशींपेक्षा लवकर का सावरतात?

दोन्ही कामांत त्या पुढे आहेत. त्यांच्यात आरजीएस९ संकुल दंडपेशींच्या सुमारे दहापट असते, सक्रिय रंगद्रव्य लवकर गप्प होते, आणि माणसाच्या शंकुपेशींत जीआरके१ (म्हणजेच वर आलेले ऱ्होडॉप्सिन कायनेज) खेरीज जीआरके७ हे आणखी एक कायनेज असते. रंगद्रव्याच्या बाबतीत त्यांना रंजक थराशिवाय दुसराही पुरवठा आहे: दृष्टिपटलातल्याच म्युलर पेशी (आधार देणाऱ्या पेशी) त्यांच्यासाठी ११-सिस रेटिनॉल बनवतात. दंडपेशींना ते वापरता येत नाही.

९. उन्हातून अंधारात गेल्यावर नीट दिसायला नेमका किती वेळ लागतो?

आधीचा उजेड किती तीव्र होता यावर ते ठरते. बहुतेक रंगद्रव्य विरंजित होईल, म्हणजे वापरले जाऊन त्याचा रंग उडेल, इतका झगझगीत उजेड पाहिल्यानंतर, जेमतेम दिसणाऱ्या सर्वात मंद उजेडाचा आलेख दोन टप्प्यांत उतरतो. पहिल्या काही मिनिटांत शंकुपेशी सावरतात आणि मग थबकतात. साधारण ७ ते १० मिनिटांनी दंडपेशी त्यांना मागे टाकतात. आलेखातला हा खटका स्पष्ट दिसतो. त्यानंतर दंडपेशींची संवेदनक्षमता दर चार मिनिटांना सुमारे दहापट या वेगाने वाढते आणि ३० ते ४० मिनिटांत पूर्ण होते.

साध्या घरातल्या दिव्याच्या उजेडातून बाहेर पडत असाल तर विरंजन थोडेच झालेले असते आणि काही मिनिटे पुरतात. भर उन्हात दिवस काढून आकाशनिरीक्षणाला बसणार असाल तर अर्धा तास धराच, आणि दिवसभर गडद चष्मा वापरा. अंधूक तारा पाहताना नजर थोडी बाजूला ठेवा, कारण दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात.

१०. निम्मे रंगद्रव्य शिल्लक असेल तर संवेदनक्षमता निम्मीच व्हायला हवी. प्रत्यक्षात ती कितीतरी जास्त घटते. का?

प्रश्न अगदी मार्मिक आहे. निम्मे ऱ्होडॉप्सिन गेले तर निम्मे प्रकाशकण वाया जातील, हा हिशेब बरोबर आहे. पण प्रयोगात संवेदनक्षमता शेकडो-हजारो पटींनी घटलेली दिसते.

कारण रिकामे ऑप्सिन पूर्ण मुके नसते. रेटिनल नसतानाही ते ट्रान्सड्युसिनला अगदी क्षीणपणे जागे करते. एकेका रेणूचा परिणाम नगण्य, पण एका दंडपेशीत ऱ्होडॉप्सिनचे सुमारे १० कोटी रेणू असतात. त्यांतले मोठ्या संख्येने रिकामे झाले की पेशीला समोर मंद प्रकाश सतत चालू असल्यासारखा भास होतो. अंधारात बसूनही ती ‘उजेडात’ असते आणि त्यानुसार आपली संवेदनक्षमता कमी ठेवते. याला समतुल्य पार्श्वप्रकाश म्हणतात. ११-सिस रेटिनल येऊन बसेल तसतसे एकेक ऑप्सिन गप्प होते आणि हा पडदा विरत जातो. म्हणजे रेटिनल हा प्रकाश टिपणारा रेणू आहेच, शिवाय ऑप्सिनला शांत ठेवणारा खिळाही तोच आहे.

पूर्ण ऱ्होडॉप्सिन मात्र विलक्षण स्थिर असते. माकडाच्या दंडपेशीत प्रकाशाशिवाय आपोआप होणारे खोटे संकेत साधारण १६० सेकंदांत एक, इतके कमी मोजले गेले आहेत.

११. अंधारात बाहुली मोठी होते, त्यामुळेच दिसू लागते ना?

तिचा वाटा लहान आहे. बाहुलीचा व्यास २ मिलिमीटरवरून ८ वर गेला तरी क्षेत्रफळ १६ पट होते, आणि तेही काही सेकंदांत बरेचसे उरकते. दंडपेशी सावरल्याने होणारा फरक लाखपटींच्या घरात असतो.

१२. रात्रीच्या कामासाठी लाल दिवा वापरा म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

आहे, अटीसह. दंडपेशी सुमारे ५०० नॅनोमीटरच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि ६२० ते ६५० च्या पुढच्या लाल प्रकाशाला जवळजवळ देत नाहीत. शंकुपेशींना तो लाल प्रकाश दिसतो, म्हणून नकाशा वाचता येतो आणि दंडपेशींचे रंगद्रव्य शाबूत राहते.

चुका दोन होतात. पांढऱ्या विजेरीवर पातळ लाल कागद लावला की त्यातून इतर तरंगलांबीही झिरपतात. आणि लाल दिवा प्रखर असला तर दंडपेशी त्यालाही बळी पडतात. काम चालेल इतपत मंद ठेवा. लाल शाईत छापलेल्या खुणा त्यात दिसत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

१३. अंधारात कुशीवर पडून मोबाइल पाहिला आणि ठेवल्यावर एका डोळ्याने काहीच दिसेना. धोका आहे का?

पाहताना एक डोळा उशीने झाकलेला असेल तर बहुधा नाही. झाकलेला डोळा अंधाराशी जुळलेला राहतो, पाहणाऱ्या डोळ्याचे थोडे रंगद्रव्य विरंजित होते, आणि मोबाइल ठेवल्यावर दोघांतली तफावत एक डोळा गेल्यासारखी भासते. काही मिनिटांत ती ओसरते. खात्री करायची असेल तर दुसऱ्या रात्री दुसरा डोळा झाकून पाहा: त्रास बाजू बदलून आला तर कारण हेच.

दोन्ही डोळे उघडे असताना, उजेडात, किंवा पडदा ओढल्यासारखी एका डोळ्याची दृष्टी गेली, तर वाट पाहू नका. ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे, मग दृष्टी मिनिटाभरात परत आली तरी.

१४. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी डोळे लवकर सावरतात का?

कमतरता असेल तरच. कमतरतेत रंगद्रव्य बनायला कच्चा माल मिळत नाही आणि रातांधळेपणा हे पहिले लक्षण असते; वेळेवर पुरवठा झाला तर तो भरून येतो. साठा पुरेसा असेल तर जास्तीच्या गोळ्यांनी वेग वाढत नाही. उलट हे जीवनसत्त्व शरीरात साठते, अतिरेकाने यकृताला इजा होते आणि गरोदरपणात गर्भाला धोका पोहोचतो. यकृताचा किंवा आतड्यांत मेद न शोषला जाण्याचा आजार असलेल्यांना आहार चांगला असूनही कमतरता होऊ शकते, हा अपवाद नेत्रतपासणीत सुटून जातो.

१५. एखादी पायरी जन्मतःच बिघडलेली असेल तर काय होते?

कोणती पायरी, त्यावर चित्र बदलते.

ऱ्होडॉप्सिन कायनेज किंवा अरेस्टिन नसेल तर ओगुची रोग होतो. १९०७ मध्ये जपानमध्ये त्याची प्रथम नोंद झाली. दिवसा दृष्टी चांगली, रात्री फार कमी. दृष्टिपटल सोनेरी झाक दाखवते आणि काही तास अंधारात बसल्यावर ती झाक नाहीशी होते. आरजीएस९ किंवा आर९एपी सदोष असेल तर ब्रॅडीऑप्सिया: उजेड एकदम बदलला की काही सेकंद डोळे दिपतात, आणि हलता चेंडू दिसत नाही, थांबलेला दिसतो. हे प्रश्न ४ मधल्या पहिल्या कामातले बिघाड आहेत.

दुसऱ्या कामात आरडीएच५ बिघडले तर दृष्टिपटलावर पांढरे ठिपके येतात आणि अंधाराशी जुळायला तासन्‌तास लागतात. एबीसीए४ बिघडले तर रेटिनलचे अवशेष रंजक थरात साचून स्टारगार्ड रोग होतो. या रुग्णांनी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या टाळायच्या असतात. आरपीई६५ च्या दोन्ही प्रती निकामी असतील तर बालपणापासूनच दृष्टी फार कमी असते. यावर व्होरेटिजीन निपार्व्होव्हेक ही जनुकोपचार पद्धती अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाली. निरोगी जनुक दृष्टिपटलाखाली टोचले जाते, पण जिवंत पेशी पुरेशा शिल्लक असतील तरच उपयोग होतो. म्हणून जनुक तपासणीला उशीर करू नये.

१६. औषधांमुळेही असे बिघाड होऊ शकतात का?

होय. सिल्डेनाफिल (व्हायग्रातले औषध) ज्या विकराला रोखते, त्याचेच भावंड प्रकाशग्राही पेशीतले फॉस्फोडायएस्टरेज आहे. तेही थोडे अडले की काही तास निळसर छटा दिसते आणि उजेड सहन होत नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोसा (प्रकाशग्राही पेशी हळूहळू नष्ट होण्याचा आनुवंशिक आजार) असणाऱ्यांनी हे औषध घेण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारावे. मुरमांवरचे आयसोट्रेटिनॉइन रंगद्रव्याचे चक्र मंद करते. ते घेताना रात्री कमी दिसू लागले तर वाहन चालवणे थांबवून डॉक्टरांना कळवा.

१७. वय वाढल्यावर अंधारात जुळवून घ्यायला जास्त वेळ लागतो. हे स्वाभाविक की आजार?

काही प्रमाणात स्वाभाविक. रंजक थर आणि त्यामागच्या रक्तवाहिन्या यांच्यामधला पडदा वयाबरोबर जाड होतो, त्यातून ‘अ’ जीवनसत्त्व हळू झिरपते आणि दंडपेशींचा पुरवठा मंदावतो. मॅक्युलाच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या, वार्धक्यजन्य ऱ्हासात हीच मंदी फार वाढते, कधी कधी तक्त्यावरची अक्षरे अजून नीट वाचता येत असतानाच. दोनेक वर्षांत ठळक फरक जाणवला तर चष्म्याचा नंबर तपासून थांबू नका, दृष्टिपटल तपासून घ्या. मोतीबिंदूमुळेही दिपल्यासारखे होते, पण त्याचे कारण प्रकाश विखुरणे हे असते, पेशींचे सावरणे नव्हे.

१८. पेशींचे सावरणे मोजता येते का?

दवाखान्यात प्रकाश-ताण चाचणी होते. चष्मा घालून एक डोळा झाकतात आणि दुसऱ्याने तक्त्यावरची सर्वात लहान ओळ कोणती वाचता येते ते पाहतात. मग २ ते ३ सेंटिमीटर अंतरावर धरलेल्या छोट्या विजेरीकडे १० सेकंद थेट पाहायला सांगतात. विजेरी काढल्यावर त्या ओळीच्या वरच्या ओळीतली तीन अक्षरे वाचता येईपर्यंतचा वेळ मोजतात. साधारण ५० ते ६० सेकंदांच्या आत वाचता आले तर ठीक. मॅक्युलाच्या आजारात वेळ बराच वाढतो, दृष्टिमज्जेच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या) आजारात वाढत नाही, आणि चाचणीचा खरा उपयोग या फरकासाठीच आहे. कमी दिसणाऱ्या डोळ्याची चाचणी आधी करतात, म्हणजे दुसऱ्याशी तुलना गढूळ होत नाही.

ही चाचणी घरी करू नका. लेझर, वेल्डिंगची ज्योत किंवा सूर्य यांच्याकडे पाहून तर कधीच नाही. त्या उजेडात रंगद्रव्य नुसते विरंजित होत नाही, प्रकाशग्राही पेशी आणि रंजक थर यांनाच इजा होते, आणि वर सांगितलेली कोणतीही यंत्रणा ती हमखास भरून काढू शकत नाही. ग्रहण पाहिल्यानंतर मधोमध काळा डाग राहिला आणि तासाभरात गेला नाही, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.